ऑइलची पट्टी

गाडीत दुसरं इंजिन बसवल्यापासून ऑइलची पातळी काही केल्या जुळत नव्हती. कितीही काढा, मोजायच्या पट्टीवर ते खुणेच्या वरच. उद्या तापलेल्या बाळाला याच गाडीतून दवाखान्यात न्यायचं होतं, आणि पट्टी पुसून पुसून बाळाची आई मेटाकुटीला आली होती.

"अरे, मेकॅनिकला बोलव ना."

"तो येऊन काय दिवे लावणार? पट्टी जुन्या इंजिनाची आहे, म्हणून चुकतंय," नवरा गाडीखालून म्हणाला. "या इंजिनाची घाल."

तिने घातली. पुन्हा तेच.

"मरू दे! सगळंच काढतो."

त्याने खालचा बोल्ट काढला. ऑइल टबात पडलं. धार बारीक झाली, मग थेंबही थांबले.

"आता बघ. कोरडी आली की नव्याने मोजून भरू."

पट्टी ओली आली. अगदी बरोबर खुणेपर्यंत.

"काय गं, कोरडी ना?"

"तू आधी बाहेर ये."

"अगं, बोल्ट लावू दे तरी. नीट पूस आणि परत बघ."

तिने चिडून पट्टी पुसली, पुन्हा नळीत घातली. निम्म्यापर्यंत तिने ती सरकवली.

उरलेली पट्टी आतून कुणीतरी अलगद ओढून घेतली.