कारखानीसकाकांच्या कानांनी

नाशिकच्या जॅझ मंडळात आता आवडती रेकॉर्ड नुसती लावून भागत नसे. आणणाऱ्याने कानामागे ऐकणं टिपणारी पट्टी लावायची आणि त्याला रेकॉर्ड जशी ऐकू येते, अगदी तशीच बाकीच्यांनी आपापल्या पट्टीतून ऐकायची. पट्टी लावलेली असेपर्यंत स्वतःचे कान बंद. कारखानीसकाका सहा महिने आपला नंबर टाळत होते. या रविवारी मात्र त्यांनी पट्टी लावली, रेकॉर्डवर सुई टेकवली आणि डोळे मिटून पायाने ठेका धरला.

शलाकाला काहीच ऐकू येईना. बाकीचे चौघेही आपली पट्टी चाचपत होते. बिघडली असेल म्हणून तिने ती काढली, तर खोली ड्रम्सनी दणाणत होती.

"आता बघा हं, माझा ट्रम्पेटवाला येतोय," काकांनी बोट वर केलं, आणि त्याच क्षणी ट्रम्पेट वाजला.

शलाकाचा हात तोंडावर गेला. कुठला वादक कुठे श्वास घेतो, हे तीन वर्षं तिला याच माणसाने शिकवलं होतं.

काकांनी डोळे उघडले.

"काका, कधीपासून?" तिने कसंबसं विचारलं.

"तोंडावरचा हात काढ आधी," काका म्हणाले. "काय म्हणालीस ते दिसलं नाही मला."