तेवीस ओळी

“ताई, आवरा लवकर. मले दुपारच्या आत हिंगणघाटले पोहचा लागते,” कुरियरवाला दारातूनच म्हणाला.

अपेक्षाने मान डोलावली. तिच्या टेबलावर दोन संगणक शेजारी शेजारी मांडले होते. नवा परवाच आला होता. जुना आज पुण्याच्या कंपनीकडे परत जावयाचा होता, आणि तो संपूर्ण पुसूनच सुपूर्द करावा असा कंपनीचा दंडक होता. एक कळ दाबली की चार वर्षांचे काम पाटीवरील अक्षरांप्रमाणे नाहीसे होणार होते. त्यानंतर कोणाही विद्वानाला ते परत आणता आले नसते.

म्हणून तिने अखेरची खातरजमा करावयाचे ठरविले. नव्या संगणकाच्या काळ्या पडद्यावर तिने एक छोटीशी आज्ञा टाईप केली. ही आज्ञा ती रोज सायंकाळी काम संपविताना देत असे. आज्ञा मिळताच संगणक आपल्याकडे नोंदलेल्या साऱ्या रेपोंची नावे एकाखाली एक लिहून दाखवी. रेपो म्हणजे एकेका प्रोग्रॅमचे बिऱ्हाडच. त्याचे आजचे रूप आणि कालपरवाची सर्व रूपे तेथे एकत्र नांदत असतात. रुग्णालयांच्या औषध-भांडारांसाठी असे प्रोग्रॅम लिहिणे हा अपेक्षाचा व्यवसाय होता.

ओळी उमटल्या. तिने बोट ठेवून मोजल्या. तेवीस. जुन्या यादीचा आकडा तिने चिठ्ठीवर टिपला होता. तोही तेवीस. तरी तिने पुन्हा मोजल्या. तिच्या मुखावर समाधान विलसले.

“झालं, दादा. सगळे आले,” ती कुरियरवाल्याला म्हणाली.

मागे बाजेवर तिचे वडील पुंडलिकराव चहाचा शेवटचा घोट घेत होते. गिरडच्या टेकडीखालच्या त्या गावाचे ते ढोरकी होते. सकाळी गावची सारी गुरे आखरावर जमत. पुंडलिकराव ती रानात नेत आणि दिवस कलता घरोघरी परत पोहोचवीत. शाळेची पायरी त्यांनी कधी चढली नव्हती. परंतु तीस वर्षांत त्यांच्या हातून एक वासरूही हरवले नव्हते, आणि ही कीर्ती पार समुद्रपूरपर्यंत पसरलेली होती. सायंकाळी परतल्यावर ते याच बाजेवर टेकत आणि लेकीच्या पडद्यावर उमटणाऱ्या ओळींकडे मोठ्या कौतुकाने पाहत राहत.

आता त्यांनी काठी उचलली, खांद्यावर दुपट्टा टाकला. जाता जाता पडद्याकडे पाहिले आणि ते थबकले.

“एक मागं राह्यली वो माय.”

“कोन?”

“ते लांब शेपटीची. रोज खालून तिसरी चालते. तिचं शेपूट पार पडद्याच्या काठाले टेकते.”

अपेक्षाला हसू आले. “बाबा, हे का तुमचे ढोरं होय? दोनदा मोजले ना मी. तेवीस होते, तेवीस हायेत.”

“असंन. पन मंग ह्या दोन जुळ्या कुठून आल्या?” काठीचे टोक पडद्याजवळ नेत ते म्हणाले.

कुरियरवाला खो-खो हसला. “काका, तुमाले इंग्रजी बी येते काय?”

“मले मराठीच वाचता येत नाई, तं इंग्रजी कुठून आनू?”

“जा तुम्ही बाबा, आखरावर लोक बोंबलून राह्यले,” अपेक्षा म्हणाली. तिचे बोट जुन्या संगणकाच्या कळेवर गेले.

पुंडलिकरावांनी तिचे मनगट धरले.

“ढोर रानात राह्यलं तं दुसऱ्या दिवशी भेटते, बेटा. हे भेटंन काय?”

तिचे बोट जागीच थांबले. मग तिने तीच आज्ञा जुन्या संगणकाला दिली, आणि दोन्ही याद्या ओळीला ओळ लावून वाचू लागली. नव्या यादीत दोन ओळी एकाच प्रोग्रॅमच्या होत्या. काल घाईघाईत तिने तो दोन निराळ्या ठिकाणी उतरविला होता, आणि संगणकाने इमानेइतबारे दोनदा नोंदला होता. आणि खालून तिसरी, सर्वांत लांब नावाची ओळ नव्या यादीत नव्हतीच.

मुदत संपलेले औषध रुग्णाच्या हाती पडण्यापूर्वीच अडविणारा तो प्रोग्रॅम होता. वर्षभर तो इतका निमूट चालला की कोणाची तक्रार आली नाही. म्हणून त्याची आठवणही झाली नाही. त्यात तिने केलेल्या साऱ्या सुधारणा केवळ या जुन्या संगणकात होत्या. कंपनीकडे पाठवावयाच्या राहूनच गेल्या होत्या.

पाव तासात तिने तो नव्या संगणकावर आणला, नोंदविला आणि जुळ्यातली एक ओळ काढून टाकली. तोवर कुरियरवाला उंबरठ्यावर बसून मुकाट्याने चहा पीत होता. तिने पुन्हा आज्ञा दिली. लांब शेपटी पडद्याच्या काठाला जाऊन टेकली. मगच तिने ती कळ दाबली.

“एवढी मोठी गोष्ट मी विसरलीच कशी, बाबा?”

“मारकं ढोर साऱ्यायच्या ध्यानात राह्यते. गरीब असते तेच मागं राह्यते.”

पुंडलिकराव अंगणात उतरले. आखराकडून हंबरण्याचे आवाज येत होते. अपेक्षा त्यांच्यामागे दारापर्यंत धावत आली.

“बाबा, मी दोनदा मोजून फसली. तुम्ही रोज दीडशे ढोरं कसे मोजता?”

पायात वहाणा सरकवीत पुंडलिकराव ओशाळे हसले.

“मले येवढं मोजता कुठं येते, माय? म्हनून तं एकेकाचं तोंड पाहा लागते.”