तेरेकच्या काठी मर्दांचा तळ

"ढाल आहे ती, कणकेची परात नव्हे! छातीशी धर!" अर्गून लंगडत रांगेपुढून गेला. अधू पायामुळे अमीराने त्याला मागे ठेवलं होतं, सहाशे बायकांवर सरदार म्हणून. त्याचा राग तो बायकांवरच काढत होता.

फौज कालच तेरेक नदीच्या काठाने वर निघून गेली होती, नदी ओलांडता येईल असा उतार गाठायला. ती पार होईपर्यंत पलीकडच्या खानाच्या लोकांना हा तळ भरलेला दिसायला हवा होता. म्हणून बायकांच्या डोक्यांवर लोखंडी टोप. हुकूम दोनच : उभं राहायचं आणि तोंड उघडायचं नाही. सोंग उघडं पडलं तर खानाचे स्वार पाण्यात घोडे घालतील, आणि मग तळात कुणी जिवंत उरणार नाही, हे रांगेत उभ्या आयबिकेला ठाऊक होतं. तिची दोन्ही मुलं मागच्या गाडीत होती.

पलीकडे एक स्वार घोड्याला पाणी पाजायला उतरला.

"काय रे, आजही नुसतेच उभे? पाण्याची भीती वाटते तर घरी जा, मेंढ्यांच्या धारा काढा!"

इकडून कुणी उत्तर दिलं नाही. ते त्याला खटकलं. शिवी ऐकून गप्प बसणारी फौज त्याने पाहिली नव्हती.

"मुके आहात, का बायका आहात?" म्हणत त्याने घोडा पाण्यात घातला.

पाणी घोड्याच्या पोटाला लागलं, मग खोगिराला. अजून थोडं पुढे आला की त्याला चेहरे दिसणार होते. आयबिकेने हुकमासाठी अर्गूनकडे पाहिलं. अर्गून गाडीखाली शिरला होता.

तिने धनुष्य उचललं. माहेरी तिने याहून लांबचे लांडगे पाडले होते. बाण स्वाराच्या दंडात घुसला.

तो बोंबलत मागे फिरला. सोबत्यांनी त्याला काठावर ओढून घेतलं. त्याचा आवाज पाण्यावरून स्वच्छ आला.

"मर्द आहेत रे, अस्सल मर्द! बाईच्या हातून असा बाण सुटेल होय?"

हसायची सोय नव्हती. एकीने बाही दातांत धरली. दुसरीने ढालीआड तोंड खुपसलं. काठावर टोपामागून टोप थरथरू लागले.

अर्गून गाडीखालून बाहेर आला. गुडघ्यांची माती झटकत त्याने त्या हलणाऱ्या खांद्यांकडे पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"झालं सुरू! रडू नका गं. मी आहे ना."