खिडकीबाहेरचा पूल

“उड्डाणपूल पाडायला विरोध कुणाकुणाचा?” अधिकारीबाईंनी विचारलं.

सगळ्यांत आधी हात वर गेला तो बाबांचा. पलीकडे, पुलाच्या जागी झाडं आणि पायी चालायला रस्ता मागणाऱ्यांच्या रांगेत, त्यांची लेक बसली होती. तिने मान खाली घातली.

“त्यांचा जन्म गेला बस चालवण्यात,” मागून एक टॅक्सीवाला म्हणाला. “चालायला पाय राहिलेत कुठं!”

सभागृह हसलं. पूल हवा असलेल्या दुकानदारांनी टाळ्या वाजवल्या.

लेक ताडकन उठली. “बाबा, तो पूल आपल्या खिडकीला खेटून जातो. आई मरेपर्यंत ओरडून बोलली त्याच्यापायी. मीठ संपलं हे सांगायचं, तरी भांडल्यासारखं. घसा बसला तिचा. आणि तुम्ही त्याचीच बाजू घेता?”

बाबांनी हात खाली घेतला नाही.

आरडाओरडा खूप झाला, पण पुलाच्या बाजूचे हात कमी पडले. पुढच्या महिन्यात वाहतूक बंद, मग पाडकाम, असं ठरलं. लेक जिंकली होती. तरी बाबांना घरी सोडायला निघाली, तेव्हा तिला त्यांच्याकडे बघवेना.

बाबांनी कुलूप काढलं, आत पाऊल टाकलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्याने हाक मारली, “अगं, आलो गं! पोरगी पण आलीये!”

पुलावरून ट्रक गेला. खिडकीची तावदानं थरथरली. बाबा तसेच उभे राहिले, कान आतल्या बाजूला लावून. मग “बरं, बरं” म्हणाले आणि चपला काढू लागले.

लेक दारातच थांबली. “बाबा, आई नाहीये आता.”

“ठाऊक आहे गं,” बाबा ओरडूनच म्हणाले. त्या घरात दुसऱ्या आवाजात बोलायची कुणाला सवयच नव्हती. “पण होती तेव्हा तरी कुठं ऐकू यायचं मला? मी हाक मारायचो, ती आतून ओ द्यायची, आणि मधे या गाड्या. दिलीच असेल, असं धरून चालायचो.”

त्यांनी खिडकी सताड उघडली. गोंगाट घरभर शिरला.

“आता गाड्या बंद झाल्या की ऐकू येईल मला,” ते म्हणाले, “ती ओ देत नाही ते.”