परसातलं इंजिन

देवानंद म्हणजे प्लांटातला पक्का फिटर. पेट्रोल परवडेना म्हणून त्यानं जुन्या गाडीचं इंजिन काढून परसात विटांवर ठेवलं अन् गाडीले बिजलीची मोटर बसवली. बॅटऱ्या तेवढ्या जोडायच्या राहिल्या होत्या.

सकाळीच बायको, कमलिनी, गाडीत जाऊन बसली. "अहो, मले माहेरी नेता, का नुसतं खेळूनच राहिले?"

"बॅटरी तर लावू दे, महाराणी!"

इतक्यात परसातलं इंजिन धडधडलं. त्यात ना पेट्रोल, ना त्याले कुठली तार. अन् इकडं गाडी आपोआप फाटकाबाहेर निघाली.

"अहो, थांबवा न!"

देवानंद मागं धावला, पण गाडी प्लांटच्या कॉलनीतल्या सेक्टरच्या वळणावर दिसेनाशी झाली. तसाच परत येऊन त्यानं इंजिनाले कवटाळलं. हात भाजले, पण ते काही थांबेना.

इंजिनाच्या आतून कमलिनी बोलली, "अहो, इथं बहुत अंधार हाये."