सात मिलिमीटर

“टेप ढिली धरू नको, बये. खोट्या मापाचं पोलकं अंगात गेल्यावर बोलतं.” शिवणकाम करणारी आई जाऊन वर्षं लोटली, तरी हे बोलणं सिस्टरच्या कानात सुईसारखं रुतून होतं.

समोर सहा वर्षांची मुलगी हात पसरून बसली होती. दुधाचा थेंबही तिला सोसत नसे. तिच्यावर नव्या औषधाची चाचणी चालली होती. सिस्टरने दुधाचा अर्क हातावर टोचला, पंधरा मिनिटांनी उठलेल्या फुगवट्याभोवती निळ्या पेनाने कड काढली. “याला डोळे काढ ना,” मुलगी म्हणाली. सिस्टरने कडेवर चिकटपट्टी दाबून अलगद उचलली. पट्टीवर आलेलं निळं वर्तुळ कागदावर डकवलं.

फुगवटा दहा मिलिमीटरच्या वर गेला तर औषध थांबवायचं, असा नियम होता. डॉक्टर आले. मोजपट्टी न लावताच त्यांनी ‘सात’ लिहिलं. मोजायचं राहिलं, असं सिस्टरने हळूच सुचवलं.

“सिस्टर, आपल्याला पोलकं शिवायचं नाहीये.”

मुलीची आईही हसली. उद्यापासून औषधाचे थेंब दुप्पट, तुम्ही फक्त संमतीच्या फॉर्मवर सही करा, असं तिला सांगून डॉक्टर फोन घ्यायला बाहेर गेले.

सिस्टरने मागचे कागद उलटले. पाच महिने, पाच पट्ट्या, सगळीकडे सातच. वर्तुळं मात्र बीजेच्या चंद्रासारखी वाढत गेलेली.

सकाळी औषधाच्या खोक्यात कंपनीचं पत्र आलं होतं. तळाशी भागीदारांची नावं. त्यातल्या एका बाईचं आडनाव वाचून सिस्टरने पत्र एप्रनच्या खिशात घातलं होतं. लग्नाआधी ती बाई याच वॉर्डात तिच्याबरोबर नर्स होती. हे आडनाव आता कुणाच्याच लक्षात नव्हतं. सिस्टरची नोकरीची दोन वर्षं उरली होती. पत्र अजून खिशातच होतं.

मुलीची आई फॉर्मवरच्या ओळींवरून बोट फिरवत होती. एका ओळीशी बोट थांबलं.

“‘संशोधकाचा औषध कंपनीशी काहीही संबंध नाही.’ म्हणजे डॉक्टर आपल्याच बाजूचे ना, सिस्टर?”

सिस्टरचा हात एप्रनच्या खिशाकडे गेला. आईने पेनाचं टोपण काढलं.

मुलगी हातावरचं वर्तुळ न्याहाळत होती, डोळे कुठे काढायचे ते बोटाने ठरवत. सिस्टरने मोजपट्टी घेतली आणि तो इवला हात आपल्या तळव्यावर धरला.

“सही करू नका, ताई,” ती म्हणाली. “हे सात नाही, अकरा आहे. आणि कंपनीत डॉक्टरांची बायको भागीदार आहे. माहेरच्या नावाने.”