लाटेचा दस्ता

एनसीसीच्या परेडनंतर मी माझी रायफल आजोबांना दाखवली. तिच्या लाकडी दस्त्यावरून फिरणारा त्यांचा अंगठा मध्येच थांबला.

"हा मी पास केलेला. अक्रोडाच्या लाकडात रेषांची इतकी देखणी लाट पुन्हा दिसली नाही."

रायफलींच्या कारखान्यात ते दस्ते तपासायचे. सरळ रेषांचं लाकूड पास, लाटांचं बाद, कारण ते लाटेवरच मोडतं. हा एकच दस्ता त्यांना भट्टीत टाकवला नव्हता.

"कुणा जवानाच्या हातात ऐन वेळी मोडला असेल का, हे चाळीस वर्षं डोक्यातून गेलं नाही बघ."

दस्त्याच्या बारीक गळ्यावर त्यांनी चीर शोधली. तिथे फक्त कित्येक तळव्यांनी आणलेली चकाकी होती.

चष्मा पुसत ते म्हणाले, "आता झाला पास."